रुळलेले मूल

रुग्णालयात दीर्घकाळ राहणाऱ्या मुलांच्या एकटेपणाकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधण्याचे श्रेय बऱ्याच अंशी ब्रिटनमधील जेम्स रॉबर्टसन यांच्याकडे जाते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांच्यासोबत काम करताना त्यांनी 1952 साली एक लघुपट तयार केला. अडीच वर्षांची एक मुलगी बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढाच त्याचा विषय असून, सोयीची तेवढीच दृश्ये टिपली असा आक्षेप येऊ नये म्हणून रोज घड्याळ पाहून ठरावीक वेळी चित्रीकरण केले गेले. ती मुलगी फारसा आकांत करत नाही. मात्र घरी निघताना ती आईचा हात धरायला तयार होत नाही.

आईपासून तुटलेल्या मुलाच्या मनःस्थितीचे तीन टप्पे रॉबर्टसन यांनी मांडले: पहिला निषेधाचा, म्हणजे रडून आईला परत आणू पाहण्याचा, दुसरा निराशेचा, ज्यात रडणे ओसरते पण मूल कोमेजते, आणि तिसरा अलिप्ततेचा, ज्यात ते पुन्हा खाऊ-खेळू लागते, मात्र आई आली काय नि गेली काय, त्याला फरक पडेनासा होतो. या तिसऱ्या टप्प्यातल्या मुलालाच वॉर्डमध्ये ‘रुळलेले’ समजले जात असे, आणि खरा घात तिथेच होता. पुढे रुग्णालयातील मुलांच्या हिताचा विचार करणाऱ्या ब्रिटनमधील प्लॅट समितीच्या 1959 च्या अहवालाने आईवडिलांना भेटीची मोकळीक द्यावी, अशी शिफारस केली.

भारतीय रुग्णालयांत आई बहुधा खाटेशेजारीच अंथरूण टाकून असते, त्यामुळे अतिदक्षता विभाग वगळता हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. परंतु तो केवळ रूप बदलतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बिहार-बंगालपासूनची मुले येतात. लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या, पांढऱ्या पेशींच्या एका प्रकारच्या रक्तकर्करोगाचा उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतो, आणि केमोथेरपीने त्या पेशी घटल्या की संसर्गाच्या भीतीने मुलाला इतरांपासून दूर ठेवावे लागते. आई जवळ असते, पण भाऊ गावी असतो, शाळा सुटलेली असते, आणि आजूबाजूची भाषा आपली नसते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा 2006 साली मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स यांचे मोल केवळ निवाऱ्यापुरते नाही. तिथे केस गेलेल्या मुलाला केस गेलेलीच दुसरी मुले भेटतात, आणि कुणालाही काही समजावून सांगावे लागत नाही.

वॉर्डमध्ये याला जोड हवी ती उपचारपूरक खेळाची, म्हणजे ज्या प्रक्रियेची भीती वाटते ती खेळण्यावर करून पाहण्याची. बाहुलीच्या हाताला चिकटपट्टी लावून, सुई नसलेल्या सिरिंजने तिला ‘औषध’ देणारे मूल बाहुलीला जे दटावते, ते बहुधा त्याने स्वतः ऐकलेले असते, आणि जाणत्या कार्यकर्तीला त्यातून त्याची भीती नेमकी कळते. मात्र त्यासाठी तीच ताई, त्याच वेळी, रोज यायला हवी. वाढदिवसाचा केक कापून, छायाचित्रे काढून निघून जाणाऱ्या पाहुण्यांमुळे मुलाच्या वाट्याला आणखी एक निरोप येतो, दुसरे काही नाही. रोज येणारी ही ताई पगारी असावी आणि तिचा पगार परिचारिकेच्या पगाराप्रमाणेच रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात धरलेला असावा; देणगीदाराच्या मर्जीवर तो सोडणे योग्य नाही.

दुसरा बदल तर जवळजवळ बिनखर्चाचा आहे. लहान मुलांना वॉर्डात प्रवेश नाही, अशी पाटी अनेक रुग्णालयांच्या दारावर असते. संसर्गाची चिंता रास्त असली, तरी ताप-खोकल्याची तपासणी करून, हात धुवायला लावून, भावंडाला दहा मिनिटे आत सोडणे बहुतेक वॉर्डांत शक्य आहे. रुग्णालयांच्या व्यवस्थापनांनी ही पाटी सरसकट न ठेवता, कोणत्या मुलाला कधी भेटता येईल हे ठरवण्याचा अधिकार उपचार करणाऱ्या डॉक्टरांना द्यावा.