‘डाय’ची धास्ती: १९५४ ची भीती आणि आजचा रुग्ण

१/ कोथरूडमध्ये कर्वे रस्त्याने वा पौड रस्त्याने चालत गेले की तपासणी केंद्रांच्या पाट्या दिसत राहतात. आत ताटकळलेल्या ज्येष्ठांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: ‘काहीही करा, पण डाय नको, किडनी जाते.’ हे वाक्य आले कोठून, याचा हा धागा. माझे मत आरंभीच नोंदवतो. ही भीती एके काळी रास्त होती. आज ती सरसकट बाळगल्याने माणसांचे नुकसान होत आहे, आणि त्यात रुग्णांइतकाच, किंबहुना अधिक, दोष वैद्यकव्यवसायाचा आहे.

२/ मुळात ‘डाय’ हा शब्दच फसवा. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेत सोडतात ते द्रव्य पाण्यासारखे रंगहीन असते. त्यातले आयोडीन क्ष-किरण अडवते, म्हणून ज्या वाहिनीतून ते वाहते ती चित्रात पांढरी उमटते.

३/ हा गुण ध्यानात आला तो उपदंशाच्या रुग्णांमुळे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये त्यांना सोडियम आयोडाइड देत. त्यांचे मूत्राशय क्ष-किरणचित्रात दिसू लागले. १९२३ साली ते प्रसिद्ध झाले. पुढे १९२९ मध्ये बर्लिनमध्ये मोझेस स्विक या तरुण अमेरिकी डॉक्टराने युरोसिलेक्टान हे शिरेवाटे देता येईल असे द्रव्य वापरात आणले. (श्रेयावरून त्याचा वरिष्ठांशी जो वाद झाला, तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.)

४/ आता भीतीचा जन्म. विसाव्या शतकाच्या मध्यावर वापरात आलेली द्रव्ये रक्ताच्या पाच-सातपट तीव्रतेची होती. क्षारांनी गच्च भरलेली. वर एक विलक्षण प्रथा: मूत्रमार्गाचे चित्र ठळक यावे म्हणून रुग्णाला आधी मुद्दाम तहानलेले ठेवीत! मूत्र दाट, चित्र सुरेख, आणि मूत्रपिंड कोरडे. १९५४ साली मल्टिपल मायलोमाच्या एका रुग्णाची लघवी अशा तपासणीनंतर बंद पडल्याची नोंद प्रसिद्ध झाली. पाठोपाठ तशा नोंदी वाढत गेल्या. तेव्हाचे भय खोटे नव्हते.

५/ मग टॉर्स्टन अल्मेन हा स्वीडिश डॉक्टर आला. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात डोळे उघडे ठेवून पोहले तर डोळे चुरचुरतात, बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात तसे होत नाही, हे त्याला ठाऊक होते. रुग्णांची आगही द्रव्याच्या तीव्रतेमुळेच होत असावी, असे त्याने ताडले आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस आयनरहित द्रव्याची कल्पना मांडली. तिच्यातूनच १९८०च्या दशकात आयोहेक्सॉल बाजारात आले. आजची प्रचलित द्रव्ये रक्ताच्या दुप्पट-तिप्पट तीव्रतेची आहेत. आयोडिक्सॅनॉल तर रक्ताइतकेच. द्रव्य बदलले, भीती मात्र होती तशीच राहिली.

६/ ती राहण्याचे एक कारण व्याख्येत आहे. द्रव्य दिल्यावर दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन २५ टक्क्यांनी वाढले की दोष द्रव्याचा, असे दशकानुदशके मानले गेले. ज्यांना द्रव्य दिलेच नाही त्यांचे काय होते, हे मात्र क्वचितच कोणी पाहिले. २००८ साली न्यूहाउस आणि सहकाऱ्यांनी तेच पाहिले. द्रव्य न मिळालेले ३२,१६१ रुग्ण. त्यांतील निम्म्याहून अधिकांच्या क्रिएटिनिनमध्ये २५ टक्के वा त्याहून जास्त फरक पडला होता! आजारी माणसाचे क्रिएटिनिन हलते, कारण तो आजारी असतो. इतकी साधी गोष्ट.

७/ बचावाच्या उपायांचेही तेच. २०१७ च्या नेदरलँड्समधील चाचणीत ६६० रुग्णांपैकी निम्म्यांना सलाइन दिले, निम्म्यांना दिले नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच राहिले, उलट सलाइन दिलेल्यांपैकी १८ जणांना सलाइनचाच त्रास झाला. वर्षानुवर्षे भक्तिभावाने दिल्या गेलेल्या ॲसिटिलसिस्टीनच्या गोळ्या २०१८ च्या मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरल्या. २०२० साली अमेरिकेतील रेडिओलॉजिस्टांच्या आणि मूत्रपिंडविकारांच्या संस्थांनी संयुक्तपणे लिहिले की शिरेवाटे दिलेल्या द्रव्याचा धोका आजवर फुगवून सांगितला गेला.

८/ म्हणून धोका शून्य, असे मी म्हणत नाही. ईजीएफआर ३० च्या खाली असेल किंवा मूत्रपिंडाला नुकतीच तीव्र इजा झाली असेल, तर सावध राहिलेच पाहिजे. हृदयाच्या अँजिओग्राफीत द्रव्य धमनीतून जाते, तिचा हिशेब वेगळा. पण नुसता क्रिएटिनिनचा आकडा पाहून रुग्ण परत पाठवणे ही कसली सावधगिरी? ७८ वर्षांच्या आजीचे १.१ ‘नॉर्मल’ वाटते, पण तिचा ईजीएफआर ५० च्या आसपास असतो. पंचविशीतल्या तरुणाचे १.३ ‘वाढलेले’ दिसते आणि त्याचा पाऊणशेच्या पुढे!

९/ कोणी म्हणेल, औषधाने मूत्रपिंडे निकामी झाल्याची आठवण महाराष्ट्राला आहे. आहेच. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरिनने १४ रुग्णांचा बळी घेतला. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदी, तपासणी, परवाने यांची लक्तरे वेशीवर टांगली. तो लेंटिन अहवाल आज किती जणांना आठवतो? गुडघ्यांसाठी डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने डायक्लोफेनॅक घेणारी मंडळीच डायच्या नावाने दचकतात, तेव्हा मला हसावे की रडावे कळत नाही.

१०/ शेवटी घरातली गोष्ट. कोथरूडमध्येच राहणारे माझे काका, वय ७४. एका रात्री पोटात असह्य कळा. क्रिएटिनिन १.५, म्हणजे ईजीएफआर ४८ च्या घरात. एका रुग्णालयाने ‘रिस्क नको’ म्हणून साधा स्कॅन केला, आणि आम्ही नातेवाइकांनी, मी धरून, सुटकेचा श्वास टाकला. आतड्याच्या धमनीतली गुठळी साध्या स्कॅनमध्ये सहजी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सायंकाळी दुसऱ्या ठिकाणी द्रव्य देऊन स्कॅन झाला, तेव्हा ती दिसली. तोवर आतड्याचा मोठा भाग काळा पडला होता. तो कापावा लागला. काका वाचले, पण आता जेवण मोजून-मापून, पथ्याचे. रुग्णालयातून घरी सोडताना त्यांचे क्रिएटिनिन १.४ होते.