स्पष्ट चित्राची किंमत

लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी एका रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी चित्र घेण्यात आले. ते अवघ्या ८० गुणिले ८० ठिपक्यांचे होते. तरीही कवटी न उघडता आतील विकार दिसला. या शोधाबद्दल गॉडफ्रे हौन्सफिल्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजची यंत्रे त्या चित्राच्या फार पुढे गेली आहेत. परंतु चित्र जितके रेखीव तितकी तपासणी उत्तम, हा रूढ झालेला समज मात्र पारखून घेतला पाहिजे.

चित्राची प्रत केवळ यंत्राच्या किमतीवर ठरत नाही. क्ष-किरणांची मात्रा अपुरी पडली, तर चित्र दाणेदार होते. काप पातळ घेतला, तर बारकावे दिसतात. पण मात्रा तीच राहिल्यास दाणे वाढतात. रुग्ण हलला, तर कडा पुसट होतात. तेथे मात्रा वाढवून काही साधत नाही. श्वास रोखण्याची नीट समजावून दिलेली सूचनाच कामी येते.

खरा पेच दाणेदारपणाचा आहे. इतर सर्व गोष्टी समान ठेवून तो निम्मा करावयाचा, तर मात्रा चौपट करावी लागते. म्हणजे डोळ्यांना सुखावणाऱ्या चित्राचा भार रुग्णाच्या देहावर पडतो. लहान मुलांचे शरीर किरणोत्सर्गाला अधिक संवेदनशील असते. तरीही त्यांची तपासणी अनेकदा प्रौढांच्याच मात्रेने होते, याकडे अमेरिकेतील संशोधकांनी २००१ मध्ये लक्ष वेधले; २००८ मध्ये तेथे 'इमेज जेंटली' ही मोहीम सुरू झाली.

अर्थात, मात्रा कमी करणे म्हणजेच शहाणपण, असेही नव्हे. निकृष्ट चित्रामुळे तपासणी पुन्हा करावी लागली, तर बचत कसली? मूत्रपिंडातील खडा थोड्या मात्रेतही उठून दिसतो. यकृतातील फिकट गाठ मात्र दाण्यांत हरवू शकते. म्हणूनच कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, हे डॉक्टरांनी चिठ्ठीत स्पष्ट लिहिले पाहिजे, आणि तंत्रज्ञाने रुग्णाचे वय व शरीरयष्टी पाहून मात्रा ठरविली पाहिजे. पूर्वीच्या तपासण्यांची चित्रे सोबत नेण्याचे काम रुग्णाच्या नातेवाइकांनाही करता येईल.

उत्तम चित्र म्हणजे सर्वांत देखणे चित्र नव्हे. निदानास पुरेल, परंतु रुग्णाकडून गरजेपेक्षा अधिक किंमत वसूल करणार नाही, ते चित्र उत्तम.