दुसरबीड येथील उद्याने व सार्वजनिक मोकळ्या जागांतील कचरा आणि कचराकुंड्यांच्या व्यवस्थेबाबत निवेदन

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, सिंदखेड राजा, जि. बुलढाणा

विषय : सार्वजनिक जागांत योग्य बनावटीच्या कुंड्या बसवणे, त्या नियमित रिकाम्या करणे आणि पालापाचोळ्याचे खत करणे याबाबत.

महोदय,

मेहकर–सिंदखेड राजा मार्गावरील दुसरबीडसारख्या गावात उद्यानाचे काम कुंपण घातलेल्या बागेपेक्षा शाळेचे मैदान, देवळापुढचा पार, बसथांब्यालगतची झाडांची सावली आणि बाजार उठल्यावर रिकामी होणारी जागा याच अधिक करीत असतात. त्यामुळे प्रस्तुत निवेदनात लोक विसाव्यासाठी, खेळण्यासाठी किंवा गाडीची वाट पाहत ज्या सार्वजनिक जागेत बसतात, अशा सर्व जागांचा विचार केला आहे.

ग्रामस्थांचे मुख्य म्हणणे असे की, कुंड्यांची खरेदी आणि त्या रिकाम्या करण्याची व्यवस्था ही दोन्ही कामे एकाच मंजुरीत ठरवली जावीत. खरेदी एकदाच होते, तिचे देयक निघते, छायाचित्र अहवालाला जोडता येते. कुंडी उपसण्याचे काम मात्र रोजचे असते, त्याला माणूस, हातगाडी आणि मजुरी लागते, आणि ही तरतूद नसेल तर नवी कोरी कुंडीही आठवडाभरात भरून तिच्याच भोवती ढीग साठू लागतो. मग मोकाट गुरे ती उलथवतात, शिळ्या अन्नासह पन्नी गिळतात, आणि उरलेले वाऱ्याने पांगते. म्हणून प्रत्येक कुंडीला क्रमांक द्यावा, ती कोणी व कोणत्या वेळी रिकामी करावयाची हे कुंडीवरच रंगवावे, आणि तशी नोंद ग्रामपंचायतीत ठेवून ती मासिक सभेपुढे मांडली जावी. ज्या कुंडीसाठी माणूस नेमणे शक्य नाही, ती बसवूच नये. कमी पण रोज रिकाम्या होणाऱ्या कुंड्या अधिक उपयोगी ठरतात.

कुंड्यांच्या बनावटीचाही विचार आवश्यक आहे. जमिनीवर नुसता ठेवलेला प्लास्टिकचा डबा पावसाळ्यात पाण्याने भरतो, उन्हाळ्यात तडकतो आणि एखाद्या रात्री नाहीसाही होतो. त्याऐवजी काँक्रीटमध्ये रोवलेल्या दोन लोखंडी खांबांच्या मध्ये आसावर टांगलेली, कडी काढताच पुढे झुकणारी पत्र्याची कुंडी असावी. तिच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी छिद्रे, वर उतरते छप्पर आणि गुरांचे तोंड जाणार नाही एवढेच दर्शनी तोंड असावे, आणि तिची उंची दहा वर्षांच्या मुलाचा हात पोहोचेल एवढी असावी. ओल्या कचऱ्यासाठी, म्हणजे कुजणाऱ्या पदार्थांसाठी, हिरवा आणि कागद, प्लास्टिक, काच अशा सुक्या कचऱ्यासाठी निळा हा रंगभेद आता घंटागाड्यांमुळे सर्वांच्या परिचयाचा झाला आहे, तोच येथेही पाळला जावा. जागा ठरवताना कचरा कोठे तयार होतो ते पाहावे: चहाची टपरी, पाण्याच्या पाऊचची हातगाडी, शेंगा-फुटाणे विकणारा आणि पानठेला यांच्या समोर कुंडी हवी, ती शोभेसाठी प्रवेशद्वाराशी उभी करून उपयोग नाही.

गुटखा-तंबाखूच्या पुड्यांचा प्रश्न स्वतंत्र आहे. मार्च 2016 मध्ये अधिसूचित झालेल्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी प्रथमच ग्रामपंचायतींवर प्लास्टिक कचऱ्याच्या व्यवस्थेची जबाबदारी सोपवली आणि त्याच नियमांनी गुटखा, तंबाखू व पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत विकण्यास मनाई केली. राज्यात 23 मार्च 2018 ची प्लास्टिक व थर्माकोल बंदीची अधिसूचना, तर देशभर 1 जुलै 2022 पासून ठरावीक एकल वापराच्या वस्तूंवरील, म्हणजे एकदा वापरून फेकून दिल्या जाणाऱ्या वस्तूंवरील, बंदी लागू आहे. तरीही बाकाखाली सर्वाधिक सापडते ती पुडीच, आणि तिच्यासाठी कितीही मोठी कुंडी पुरणार नाही. तेव्हा विक्रीच्या जागी तपासणी व्हावी आणि टपरीधारकाने स्वतःचा डबा ठेवणे ही परवानगीची अट करावी.

कुंड्या काढून टाकल्या तर लोक कचरा घरी नेतील, असाही एक मतप्रवाह आहे आणि त्यासाठी जपानचे उदाहरण दिले जाते. टोकियोच्या भुयारी रेल्वेत मार्च 1995 मध्ये विषारी वायूचा हल्ला झाल्यानंतर तेथे सार्वजनिक कुंड्या मोठ्या प्रमाणावर हटवण्यात आल्या, हे खरे. परंतु तेथे वर्ग साफ करण्याचे वळण मुलांना शाळेत लावले जाते आणि घरच्या वर्गीकृत कचऱ्याचे संकलन ठरल्या दिवशी होते. घरून उचल होण्याचीच जेथे खात्री नाही, तेथे हा उपाय गैरलागू आहे.

पालापाचोळ्याबाबत विदर्भाला बाहेर पाहण्याची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली नाडेप पद्धत, म्हणजे भिंतीत हवेसाठी भोके ठेवलेल्या सुमारे दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच विटांच्या टाक्यात काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर रचून तीन ते चार महिन्यांत खत करण्याची रीत, शेतकऱ्यांना चांगली ठाऊक आहे. लिंबाचा पाला झाडून एका कोपऱ्यात पेटवून देण्याची सवय मोडायची तर झाडणाऱ्याच्या हाताशी असा टाका हवा. शिवाय उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये बंदी घातली असून साध्या प्रकरणी 5,000 रुपये दंड ठरवला आहे. रोजगार हमीच्या कामांत नाडेपचा समावेश होत आलेला आहे.

निधीची अडचण सांगितली जाईल, म्हणून थोडा हिशेब. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावास दरडोई 60 रुपये आणि त्याहून मोठ्या गावास दरडोई 45 रुपये असे प्रमाण ठरले, त्यांपैकी 70 टक्के मिशनमधून व 30 टक्के वित्त आयोगाच्या अनुदानातून. समजा लोकसंख्या 8,000 धरली, तर ही रक्कम 3,60,000 रुपये होते. या तरतुदीतून गावास काय मिळाले आणि कशावर खर्च झाले, याचा तपशील ग्रामसभेत वाचून दाखवावा, अशी मागणी आहे.

जिजाऊ जयंतीला, 12 जानेवारीस, सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या वाहनांचा ओघ याच मार्गाने येतो. पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या आणि चहाचे कप दोन दिवस रस्त्याकडेला पडून राहू नयेत, यासाठी त्या काळापुरत्या गोणपाट लावलेल्या चौकटी आणि दिवसातून दोन फेऱ्या पुरेशा आहेत. सिंदखेड राजातील राजवाड्यासमोरील बगीचा तेथील नगर परिषदेच्या अखत्यारीत असल्याने पंचायत समिती व नगर परिषद या दोन्ही यंत्रणांनी डिसेंबरमध्येच एकत्र बैठक घ्यावी.

उपरोक्त मागण्यांवर 30 दिवसांत स्थळपाहणी करून लेखी उत्तर द्यावे आणि पाहणीच्या दिवशी सफाई कामगारांनाही बोलावावे. कुंडी कोठे हवी हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकणार नाही.

स्थळ : दुसरबीड
आपले विनीत,
समस्त ग्रामस्थ, दुसरबीड

प्रत माहितीसाठी :
मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी, दुसरबीड
मा. मुख्याधिकारी, नगर परिषद, सिंदखेड राजा