सूचना की ‘एल डब्ल्यू पी यू के’?

(तृतीय वर्ष, माहिती तंत्रज्ञान)

एक खुलासा आधीच करून टाकतो. मला अजिबात दिसत नाही आणि मी दिवसाचे सात-आठ तास कॉम्प्युटर वापरतो. ही दोन वाक्यं एका दमात सांगितली की समोरचा जरा गप्प होतो आणि मग विचारतो, ‘म्हणजे तुझा कीबोर्ड ब्रेलचा असतो का रे?’ नसतो. तुमचाच असतो, एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असलेला. तो उंचवटा न बघता टाइप करता यावं म्हणूनच दिलाय. तुम्ही वापरत नाही ही गोष्ट वेगळी. माउस मात्र माझ्या बॅगेत सापडणार नाही.

माझ्या लॅपटॉपवर स्क्रीन रीडर आहे. तो पडद्याकडे ‘बघतो’ आणि वाचून दाखवतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. निदान इंजिनिअरिंगच्या मुलांनी तरी तो ठेवू नये. तो विंडोजच्या मार्फत चालू असलेल्या प्रोग्रामला प्रश्न विचारत असतो. कर्सर कुठे आहे? तिथे बटण आहे की चौकट? तिचं नाव काय? टिक केलेली आहे का? प्रोग्राम जे उत्तर देईल ते आवाजात येतं. लिहिणाऱ्याने बटणाला नावच दिलं नसेल तर मला नुसतं ‘बटण, बटण, बटण’ ऐकू येतं. थोडक्यात, माझ्यापर्यंत चित्र येत नाही, चित्रामागची माहिती येते. या लेखात मला जे म्हणायचंय ते सगळं याच एका फरकावर उभं आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

बाकी गंमती पुष्कळ आहेत. माझा आवाज इतका फास्ट लावलेला असतो की रूममेटला ती मराठी आहे की तामिळ हेही कळत नाही. एनव्हीडीएमध्ये पडदा पूर्ण काळा ठेवायची सोय आहे. मी ती वापरतो, कारण खांद्यावरून डोकावणारे आपल्याकडे कमी नाहीत. पहिल्या आठवड्यात मजल्यावरच्या तिघांनी येऊन ‘तुझा लॅपटॉप बंद पडलाय’ असं काळजीने सांगितलं होतं!

आणखी एक. ही सॉफ्टवेअर कुणी दया येऊन लिहिलेली नाहीत. अमेरिकेतला टेड हेंटर हा मोटरसायकल रेसर होता. १९७८ मध्ये कार अपघातात दृष्टी गेल्यावर तो प्रोग्रामिंगकडे वळला. त्याच्या कंपनीचा ‘जॉज’ १९८९ मध्ये डॉसवर आणि १९९५ मध्ये विंडोजवर आला. जॉज उत्तम, पण किंमत विद्यार्थ्याच्या खिशाला न झेपणारी. मी वापरतो तो एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतला. तो फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतो आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे, बराचसा पायथनमध्ये. फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय सुचत नाही म्हणून रडणाऱ्यांनी तो एकदा उघडून बघावा. आणि आपल्या जवळचंच नाव हवं असेल तर टी. व्ही. रामन. जन्म पुण्याचा, चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली, वाडिया कॉलेजातून गणित, मग आयआयटी मुंबई, मग कॉर्नेल. १९९४ मधल्या त्याच्या पीएच.डी.चा विषय होता लाटेकमध्ये लिहिलेली समीकरणं ऐकून समजतील अशी वाचणारी प्रणाली. लाटेकमध्ये अंश, छेद, घात हे सगळं स्पष्ट लिहिलेलं असतं, म्हणून ते वाचता येतं. तेच समीकरण तुम्ही पुस्तकातून फोटो काढून वर्डमध्ये चिकटवलंत की माझ्यासाठी ते फक्त ‘ग्राफिक’ उरतं.

आता मुद्द्यावर येतो. मला अडवतो तो कॉम्प्युटर नाही. तुम्ही पाठवलेली फाइल अडवते.

मराठीपासूनच सुरुवात करू. आपल्याकडे अजूनही कितीतरी मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतो. क्रुतिदेव घ्या. पडद्यावर तुम्हाला छान ‘सूचना’ असं दिसतं. पण फाइलच्या पोटात मराठीचा एकही वर्ण नसतो. तिथे इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्टने त्यांच्यावर मराठीचे मुखवटे चढवलेले असतात. स्क्रीन रीडरला मुखवटा दिसत नाही. मी त्याला एकेक अक्षर वाचायला सांगतो तेव्हा तो म्हणतो, ‘एल, डब्ल्यू, पी, यू, के’. ही झाली सूचना! एल म्हणजे स, डब्ल्यू म्हणजे ऊकार, पी म्हणजे च, यू म्हणजे न आणि के म्हणजे काना. गंमत म्हणून दोन-चार शब्द मी पाठ केले आहेत, पण तीन पानी परिपत्रक असं वाचायला बसलो तर पीएल संपेल.

युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे ‘स’ला स्वतःचा क्रमांक आहे, हेक्समध्ये ०९३८. फॉन्ट कुठलाही लावा, आत ‘स’च राहतो. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ई-स्पीकचा मराठी आवाज यंत्रासारखा आहे खरा, पण वाचतो. आणि इथे फायदा माझ्या एकट्याचा नाही. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की तुमच्याही डोळ्यांसमोर तोच इंग्रजी कचरा येतो. हा अनुभव ऑफिसमधल्या प्रत्येकाने घेतलाय. त्या फाइलमध्ये कंट्रोल एफ करून ‘सूचना’ शोधा बरं! सापडणार नाही, कारण ती तिथे नाहीच.

दुसरं उदाहरण आमच्या मेसचं. गेल्या वर्षी मेस कमिटीत हिशेबाचं काम माझ्याकडे आलं. दोघा-तिघांनी नाकं मुरडली. ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ ही म्हणही पाठीमागे कुणीतरी म्हणून घेतली. मला दिसत नाही, ऐकू व्यवस्थित येतं.

आदल्या वर्षीची एक्सेल फाइल मिळाली. वर पहिल्या तीन ओळी मर्ज करून हॉस्टेलचं नाव मोठ्या अक्षरात. महिन्यांच्या नावांखाली पुन्हा मर्ज केलेले सेल. दर दहा नावांनंतर एक रिकामी ओळ, का तर ‘मोकळं मोकळं दिसावं’. मी कंट्रोल आणि खालचा बाण दाबून यादीच्या तळाला जायला बघतो तर प्रत्येक रिकाम्या ओळीपाशी थांबतो, कुर्ल्याच्या सिग्नलला लोकल थांबावी तसा. आणि खरी कमाल म्हणजे कुणी पैसे भरले आणि कुणी नाही हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते रंगवलेलं होतं! लाल म्हणजे थकबाकी, पिवळा म्हणजे अर्धे भरले. सेलचा रंग स्क्रीन रीडरला विचारता येतो, नाही असं नाही. पण ११८ मुलं गुणिले दहा महिने, एकेक सेल? रूममेटला बसवून दीड संध्याकाळ रंग वाचून घेतले. मध्येच हिरवा निघाला. हिरव्याचा अर्थ दोन सीनियरनी दोन सांगितले. म्हणजे ज्यांना दिसतं त्यांनाही ती फाइल वाचता येत नव्हती, फक्त त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

मी सगळे मर्ज काढले. शीर्षकांची एकच ओळ ठेवली, रिकाम्या ओळी उडवल्या आणि एक नवा रकाना घातला: ‘स्थिती’. त्यात शब्द: भरले, अर्धे, बाकी. शीर्षकांची ओळ कुठली हे एनव्हीडीएला एकदा सांगून ठेवलं की मी कुठल्याही सेलवर गेलो तरी तो आधी ‘ऑगस्ट’ म्हणतो, मग आकडा. फिल्टर लावला, समइफ लावलं, एकूण थकबाकी क्षणात हजर. लक्षात घ्या, समइफलाही रंग दिसत नाही! म्हणजे एक्सेलच्या सूत्राला आणि मला एकाच गोष्टीची अडचण होती. मग काही जण म्हणाले, रंग होते तेच बरं होतं, पटकन कळायचं. अहो, मग घ्या की रंग. कंडिशनल फॉर्मॅटिंगमध्ये ‘बाकी’ला लाल लावून दिला. शब्दावरून रंग आपोआप येतो. रंगावरून शब्द काढायला मात्र माणूस बसवावा लागतो.

वर्डबद्दल थोडक्यात, कारण सबमिशनच्या आदल्या रात्री त्याचे भोग सगळेच भोगतात. प्रोजेक्ट रिपोर्टमधलं प्रकरणाचं नाव तुम्ही बोल्ड करता, सोळा पॉइंट करता, स्पेसबार बडवून मधोमध आणता. दिसायला ते शीर्षक झालं. वर्डच्या लेखी तो एक जाड परिच्छेद आहे. तेच ‘हेडिंग १’ ही स्टाइल लावून केलंत तर मी एका प्रकरणावरून पुढच्या प्रकरणावर थेट जातो, ऐंशी पानं ऐकत बसत नाही. आणि तुमची अनुक्रमणिका आपोआप तयार होते. पानं सरकली तर ती निवडून एफ ९ दाबायचं, संपलं. पहाटे तीनला टिंबं टिंबं टाइप करून पान क्रमांक जुळवणाऱ्या आमच्या विंगमधल्या शूरवीरांना हे सांगून मी थकलो.

नोटिशींचं काय सांगू? कुणीतरी ती कॉम्प्युटरवर टाइप करतं. मग प्रिंट काढतं. सही-शिक्का होतो. बोर्डावर लागते. कुणीतरी तिचा तिरका फोटो काढतं आणि व्हॉट्सअॅपवर टाकतं. जी गोष्ट टाइप केलेली होती तिचं इतक्या मेहनतीने चित्र करून ती माझ्याकडे येते! हल्ली एआयवाली अॅप्स फोटो वाचून दाखवतात, मीही वापरतो, कधीकधी थक्क व्हायला होतं. पण परीक्षेच्या वेळापत्रकातली तारीख अंदाजाने वाचलेली मला चालत नाही, तुम्हालाही चालणार नाही. मूळ मजकुराच्या चार ओळी मेसेजमध्ये चिकटवायला किती वेळ लागतो?

‘एका मुलासाठी सगळ्यांनी पद्धत बदलायची का?’ हा प्रश्न मला तोंडावर फारसं कुणी विचारत नाही, पण तो हवेत असतो. माझं घर डोंबिवलीला. संध्याकाळी सातच्या फास्ट लोकलमध्ये ठाण्याला चढून बघा. दाराशी माणसांची भिंत, खिडकी कुठे ते माहीत नाही, बाहेर अंधार. ‘पुढील स्टेशन डोंबिवली’ ही घोषणा झाली की डोळस माणसंच आधी पिशव्या सावरायला लागतात. त्या गर्दीत मी आणि ते सारखेच. गाडीत घोषणा नको, ज्याला दिसत नाही त्याने शेजारच्याला विचारावं, असं आज कुणी म्हणेल का? मी कॉलेजात आल्यापासून ‘शेजारच्याला विचार’ हाच सल्ला ऐकतोय. शेजारचे चांगले आहेत हो, पण माझे मार्क, माझी फी, माझा अर्ज हे सगळं आधी दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेल्यावरच मला का कळावं?

आणि कृपा करून मला उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं उदाहरण देऊन ‘जिद्द हवी’ असं सांगू नका. मला त्यांच्याबद्दल प्रचंड आदर आहे. लहानपणी दृष्टी गेली, स्क्रीन रीडरच्या मदतीने अभ्यास केला. २०१५ च्या यूपीएससी परीक्षेत ७७३ वा क्रमांक आला आणि रेल्वेची लेखा सेवा मिळाली, तर अंधत्वाचं कारण देऊन नेमणूक नाकारली गेली. पुढच्याच परीक्षेत १२४ वा क्रमांक, आयएएस, आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला सब-कलेक्टर. पण या गोष्टीतलं नाकारण्याचं वाक्य लोक भाषणात चटकन ओलांडतात आणि टाळ्यांच्या वाक्याकडे जातात. दरवाजा बंद होता हे सांगायचं नाही, तिने तो तोडला एवढंच सांगायचं. प्रत्येकाने दरवाजे तोडतच पुढे जायचं का? कायद्याच्या दृष्टीनेही तसं नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत, असं सांगितलं. ३० एप्रिल २०२५ ला त्याच कोर्टाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तुमच्यापैकी बरेच जण उद्या बँकांची, महापालिकांची सॉफ्टवेअर लिहिणार आहात. बटणाला नाव द्यायचं की नाही हे तेव्हा तुमच्या हातात असेल.

शेवटी आपल्या संपादक मंडळाला एक विनंती. हा लेख मी युनिकोडमध्ये दिला आहे. गेल्या वर्षीच्या अंकाची पीडीएफ मी उघडली, तेव्हा इंग्रजी विभाग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता आला. मराठी विभाग सुरू झाला आणि स्क्रीन रीडर बरळू लागला, कारण छापखान्यात सगळा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये फिरवला होता. मित्रांच्या कविता मला त्यांनाच वाचून दाखवायला सांगाव्या लागल्या (दोन कवी खूश झाले, ते सोडा). यंदा छापखान्याला युनिकोडचाच फॉन्ट लावायला सांगा, निदान पीडीएफसाठी तरी. अंक आला की मी हेच पान उघडून शीर्षकावर कर्सर ठेवणार आहे.