जीर्णोद्धार कीं शृंगार ?

गेल्या दिवाळींत गंगापूर रस्त्यावरील एका स्नेह्यांच्या नव्या बंगल्यांत फराळास जाण्याचा योग आला. दिवाणखान्यांत एक कांचेचें कपाट होतें व त्यांत, देवघरांत टांक मांडावे तशीं, कांहीं जुनीं यंत्रें मांडलेलीं होतीं : एक पितळी स्टोव्ह, एक टाइपरायटर, कर्ण्याचा एक ग्रामोफोन आणि मधोमध, क्रोमियमच्या चकाकत्या पट्ट्यांचा, पाणबुडीच्या आकाराचा, साठ वर्षांपूर्वींचा एक व्हॅक्यूम क्लीनर. यजमानांनीं तो मुंबईच्या चोरबाजारांतून आणला, मोटारी रंगविणाऱ्याकडून रंगवून घेतला, क्रोमियम नव्यानें चढविलें. या 'जीर्णोद्धारा'ला पंधरा हजारांवर खर्च आल्याचें त्यांनीं मोठ्या समाधानानें सांगितलें. मीं सहज विचारलें, "चालतो का ?" ते हंसले. "अहो प्रोफेसरसाहेब, चालवायचा कशाला ? व्हिंटेज आहे तो !"

या उत्तराशीं माझें भांडण आहे. यजमानांशीं नाहीं, कारण असें बोलणारे ते एकटे नाहींत.

व्हिंटेज हा शब्द मूळचा द्राक्षांच्या मळ्यांतला. द्राक्षांची तोडणी, त्या हंगामाची मदिरा, मग चांगल्या सालची जुनी मदिरा आणि शेवटीं कोणतीहि जुनी पण मोलाची वस्तु, असा त्याचा प्रवास झाला आहे. द्राक्षांच्या या जिल्ह्यांत तरी त्याचा अर्थ कोणी चुकूं नये. मदिरा बाटलींत निश्चल पडून राहिली म्हणजे मुरते. यंत्र निश्चल पडून राहिलें म्हणजे मरतें. बेअरिंगमधलें ग्रीस सुकून मेणासारखें होतें, रबर तडकतें, तांब्यावर काळा थर चढतो. पडून राहणें हेंच ज्याला विष, त्याला कुलपांत घालून वर मदिरेचें बिरुद लावावयाचें, याला काय म्हणावें ?

जीर्णोद्धार हा आपला शब्द याहून फार स्वच्छ आहे. अहल्याबाई होळकरांनीं १७८० सालीं काशीविश्वेश्वराचें देऊळ पुन्हां उभें केलें, तें यात्रेकरूंनीं लांबून पाहावें म्हणून नव्हे. तेथें पुन्हां अभिषेक व्हावा म्हणून. पूजा सुरू झाली नाहीं तर जीर्णोद्धार झाला असें आपण म्हणत नाहीं. आणि दुसऱ्याच्या हातची वस्तु हा कमीपणा वाटत असेल तर गोदेच्या कांठीं, १७४७ मध्यें बांधलेल्या नारोशंकराच्या देवळाकडे पाहावें. तेथील प्रसिद्ध घंटा वसईच्या १७३९ च्या विजयांत पोर्तुगीजांकडून मिळालेली, म्हणजे आजच्या बाजारी भाषेंत 'सेकंडहँड'च. ती कोणी कोठारांत जपून ठेविली नाहीं. टांगली आणि वाजविली.

आतां माझें यंत्र. दोन वर्षांपूर्वीं अंबड-सातपूर लिंक रोडवरील एका भंगारवाल्याकडून अशाच घाटाचा एक यूरोपीय व्हॅक्यूम क्लीनर मीं ८०० रुपयांस घेतला. तो तराजूवर टाकून त्याचें वजन करतांना पाहिलें तेव्हां मला थोडी शरमच वाटली. अंगावरच्या पट्टीवर २२० व्होल्ट आणि ५०० वॅट हे आंकडे अजून वाचतां येत होते. (घेणारानें हें आधीं पाहावें. अमेरिकेंतील घरगुती यंत्र ११०-१२० व्होल्टचें असतें. तें आपल्या २३० व्होल्टला तसेंच जोडलें तर घरीं फक्त धूर येईल.) प्रथम मी तें एका सेवाकेंद्रांत नेलें. तेथल्या तरुणानें यंत्र उलटें करूनहि पाहिलें नाहीं. "याचे पार्ट येत नाहींत सर. हें जमा करा, नव्यावर पांचशे सूट देतों." मीं यंत्र उचललें व भद्रकालींत मोटरींचें वाइंडिंग करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलों.

त्यानें चार स्क्रू काढले, आंत बोट घातलें आणि म्हणाला, "मोटर जळलेली नाहीं, सर. कार्बन संपलेत." या यंत्रांतील मोटरच्या फिरत्या भागाला वीज मिळते ती दोन कोळशाच्या लहान कांड्यांतून, स्प्रिंग त्यांना तांब्याच्या कड्यावर, म्हणजे कम्युटेटरवर, दाबून धरते. कांडी झिजली कीं स्प्रिंग पुरत नाहीं, ठिणग्या उडतात व एके दिवशीं यंत्र थांबतें. घरचीं माणसें म्हणतात मोटर जळाली आणि यंत्र माळ्यावर जातें. पेन्सिलीच्या तुकड्याएवढ्या कोळशापायीं ! त्यानें दुसऱ्या एका मोटरचे कार्बन कानशीनें घासून बसविले. कम्युटेटर बारीक कांचकागदानें पुसला; एमरी वापरली नाहीं, कारण तिचे कण विद्युद्वाहक असतात व पट्ट्यांच्या फटींत अडकतात. त्या फटी बांबूच्या काडीनें साफ केल्या. दोन बेअरिंगें नवीं घातलीं. जुनी वायर हातांत भुसभुशीत झाली होती. तिच्याजागीं अर्थिंगची तीन तारांची वायर आली, कारण यंत्राचें अंग लोखंडी. झांकणाखालचें रबर सायकलच्या ट्यूबमधून कापलें आणि पिशवी आमच्या शिंप्यानें दुहेरी मांजरपाटाची शिवली. एकंदर खर्च, मूळ किंमत धरून, २,३०० रुपये. रंग आहे तसाच आहे. एका बाजूला खोक आहे, तीहि आहे तशीच.

प्राध्यापक-कक्षांत याची यथेच्छ थट्टा झाली. पहिला आक्षेप विजेचा : जुनें यंत्र वीज खातें. माझ्या यंत्रापुरता तरी तो खोटा आहे. अधिक वॅट म्हणजे अधिक सफाई, ही समजूत विक्रेत्यांनीं वाढविली. तिला आळा घालण्यासाठीं यूरोपीय संघाला अशा यंत्रांवर २०१४ मध्यें १६०० वॅटची व २०१७ मध्यें ९०० वॅटची मर्यादा घालावी लागली. माझी म्हातारी ५०० वॅटची. दुसरा आक्षेप खरा आहे व तो मी मान्य करतों. कापडी पिशवींतून अतिसूक्ष्म धूळ परत बाहेर येते. घरांत दम्याचें माणूस असेल तर चांगल्या गाळणीचें नवें यंत्रच घ्यावें. वायर न बदलतां, अर्थिंग न देतां जुनें यंत्र हौसेनें चालविणाराशींहि माझें देणेंघेणें नाहीं. तिसरा आक्षेप असा कीं शहाबादी फरशीला केरसुणी पुरते. पुरते, यांत शंका नाहीं. पण माझ्या घरांत पुस्तकांची अकरा कपाटें आहेत, आणि केरसुणी त्यांची धूळ पहिल्या कपाटावरून दुसऱ्यावर नेण्यापलीकडे कांहीं करीत नाहीं.

लंडनच्या ह्यूबर्ट बूथ या अभियंत्याला १९०१ मध्यें नेमकें हेंच सुचलें : धूळ उडवूं नये, ओढून घ्यावी. त्याचें यंत्र घोडागाडीवर लादून घरोघर न्यावें लागे. तें माणसाच्या हातांत मावेल असें केलें तें ओहायओंतील कँटन गांवच्या एका दुकानांत झाडलोट करणाऱ्या जेम्स स्पँग्लरनें. त्याला दमा होता. त्यानें पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा हीं एकत्र जुळविलीं व १९०८ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें. म्हणजे ज्या यंत्राला हे लोक कांचेआड ठेवतात, त्याचा जन्मच घरांतल्या हाताशीं असलेल्या वस्तूंच्या जोडकामांतून झाला आहे. सायकलच्या ट्यूबनें त्याचा अपमान होत नाहीं.

कपाटवाले आणि 'जमा करा' म्हणणारे हे परस्परविरोधी दिसतात. माझ्या मतें ते एकमेकांचे सोबती आहेत. दोघांच्याहि हिशेबीं यंत्राचें काम करण्याचें आयुष्य संपलेलें आहे. वाद फक्त प्रेत पुरावें कीं मसाला भरून ठेवावें, एवढाच. वस्तूचें आयुष्य ठरवून आंखूड करण्याची विद्या जुनीच आहे. १९२४ मध्यें जिनीव्हांत जगांतील मोठ्या दिवे-उत्पादकांनीं संघ करून बल्बचें आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेविलें होतें. आपल्याकडे केंद्र सरकारनें २०२२ च्या जुलैंत दुरुस्तीच्या हक्कासंबंधीं समिति नेमली व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यासाठीं संकेतस्थळ उघडलें. उत्तम. पण कार्बनची जोडी संकेतस्थळावर उगवत नाहीं. १९८२ मध्यें यूरेका फोर्ब्स निघाली व तिचे टायवाले विक्रेते मध्यमवर्गाच्या दारोदार गालिचे साफ करून दाखवूं लागले. त्या काळीं घेतलेलीं यंत्रें आज कितीतरी घरांच्या माळ्यांवर असतील. त्यांना लागणारे सुटे भाग मिळावयाचे ते दुसऱ्या मेलेल्या यंत्रांतूनच, म्हणजे भंगारांतून.

आणि भंगाराचें आम्ही काय केलें ? लिंक रोडवरचा बाजार महापालिकेनें २०१७ सालीं पाडला. तो पुन्हां उभा राहिला, २०२५ सालीं पुन्हां पाडला. दुकानें अनधिकृत होतीं, शेजाऱ्यांना उपद्रव होता. कायदा कायदाच आहे, त्याविरुद्ध मी बोलत नाहीं. परंतु पाडण्याचें कौतुक जेवढें माझ्या कानीं आलें त्याच्या शतांशानेंहि, या लोकांना सुरक्षित, अधिकृत जागा कोठें द्यावी याची चर्चा आली नाहीं. जणूं शहराला कारखाने हवेत, नव्या मालाचीं दालनें हवींत, आणि मधला माणूस, जो खराब यंत्रांतून चांगला भाग वेगळा काढून ठेवतो, तो मात्र नको. माझा भंगारवाला आतां कोठें बसतो मला ठाऊक नाहीं. भद्रकालींतला कारागीर परवां सांगत होता कीं जुनीं आर्मेचरें मिळेनाशीं झालीं आहेत, आणि मुलगा या धंद्यांत येणार नाहीं.

दसऱ्याला आपण यंत्रांना झेंडूची माळ घालतों. यंदा मीहि माझ्या म्हातारीला घातली, आणि सीमोल्लंघनाला निघण्यापूर्वीं तिच्याकडून संस्कृत ग्रंथांचें कपाट साफ करून घेतलें. नंतर त्या स्नेह्यांना निरोप पाठविला : तुमच्या यंत्राचे कार्बन तेवढे पाहून घेऊं, भद्रकालीच्या म्हाताऱ्याला मी घेऊन येतों, खर्च माझा. त्यांचें उत्तर आलें कीं यावें, अगत्य यावें, चहा घेऊं. पण कपाटाची किल्ली कांहीं दिवसांपासून सांपडत नाहीं.