बारा तासांची पाळी, एका दिवसाची हजेरी

केप टाउनमध्ये अँब्युलन्स सेवेत आठ आठवड्यांची इंटर्नशिप पूर्ण करून आलेल्या एका विद्यार्थिनीची हजेरी महाविद्यालयाच्या हिशेबात वीस दिवसांनी कमी भरली आहे. परदेशातल्या इंटर्नशिपबद्दल या मासिकाकडे अलीकडे जी पत्रे आली, त्यांतले हे सर्वांत तपशीलवार. पत्रासोबत तिने दोन कागद जोडले आहेत. एक, तिकडच्या लॉगबुकच्या प्रती, रुग्णांची ओळख काळ्या शाईने झाकलेली. दुसरा, इथल्या कार्यालयाने लाल शेरे मारून परत केलेला इंटर्नशिप पूर्ततेचा फॉर्म. दोन्ही कागद शेजारी ठेवले की तक्रार काय आहे हे कळायला पत्र वाचावेही लागत नाही.

तिकडची पाळी बारा तासांची. दोन दिवसपाळ्या, दोन रात्रपाळ्या, मग चार दिवस सुट्टी. हे चक्र आठ दिवसांचे, म्हणजे छप्पन्न दिवसांत सात चक्रे, अठ्ठावीस पाळ्या, 336 तास. इथल्या रुग्णालयात आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास, अशी आठ आठवडे ड्यूटी केली असती तर 384 तास भरले असते. फरक 48 तासांचा, म्हणजे चार पाळ्यांचा. तो भरून काढायला कोणाचीच ना नाही; खुद्द विद्यार्थिनीचीही नाही. पण कार्यालयाने तास मोजलेच नाहीत. त्यांनी दिवस मोजले. अठ्ठेचाळीस कामाच्या दिवसांपैकी अठ्ठावीस हजर, वीस गैरहजर. आता वीस दिवस, म्हणजे 160 तास, तिने पुन्हा वॉर्डात काढावेत असा आदेश निघाला आहे. सलग बारा तास गाडीवर काढून आलेल्या मुलीची विश्रांती तिच्या नावावर गैरहजेरी म्हणून लागली.

रात्रपाळीचा प्रश्न याहून अवघड झाला. संध्याकाळी सहाला सुरू होऊन सकाळी सहाला संपणाऱ्या पाळीला दोन तारखा येतात आणि फॉर्मात तारखेचा रकाना एकच आहे. अशा चौदा रात्री होत्या. 'नेमकी तारीख नमूद करावी' असा शेरा चौदाही ओळींवर आहे. पुढचा रकाना वॉर्डच्या नावाचा. त्यात तिने गाडीचा कॉल साइन लिहिला होता. त्याभोवती लाल गोल आहे. त्यापुढे खाटांची संख्या. शेवटी सिस्टर-इन-चार्ज आणि वैद्यकीय अधीक्षक यांच्या सह्या. अँब्युलन्स स्टेशनला खाटा नसतात, अधीक्षकही नसतो. तिथे शिफ्ट लीडर असतो आणि प्रिसेप्टर असतो. त्या दोघांच्या सह्या प्रत्येक पानावर आहेत, पण त्यांना बसायला या फॉर्मात जागा नाही.

लॉगबुकमधली एक नोंद मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मध्यरात्र उलटून गेलेली, तरुण रुग्ण, छातीत डाव्या बाजूला भोसकल्याची जखम. विद्यार्थिनीकडे ऑक्सिजन, सॅच्युरेशन, बीपी आणि स्कूप स्ट्रेचरची एक बाजू. उपचार, वेळा, ट्रॉमा युनिटला दिलेला प्री-अलर्ट, हँडओव्हर, सगळे क्रमाने लिहिलेले. खाली प्रिसेप्टरने इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आहेत, त्यांचा अर्थ असा: दुसरा बीपी न सांगता घेतला, फरक लक्षात येताच मोठ्याने सांगितला, हँडओव्हरमध्ये जखमेची वेळ सांगायची राहिली, पुढच्या वेळी तिथून सुरुवात करावी. या क्षेत्रात शिकवणे म्हणतात ते हेच. ज्यांनी गाडीवर शिकवले आहे त्यांना या दोन ओळींची किंमत वेगळी सांगायला नको. इथल्या फॉर्मात मात्र त्या जागी फक्त 'समाधानकारक / असमाधानकारक' एवढेच आहे.

हा विषय एका विद्यार्थिनीपुरता असता तर त्यावर संपादकीय लिहायची वेळ आली नसती. 2021 चा राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा हिशेब करतो तो तासांचा. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान 2000 तासांचे, आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान 3600 तासांचे शिक्षण, अशी त्याची व्याख्याच आहे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणजे पॅरामेडिकचे नाव आले, आणि या क्षेत्रातल्या माणसांना पहिल्यांदाच देशपातळीच्या कायद्यात जागा मिळाली. ज्या कायद्याची इतकी वर्षे वाट पाहिली, तो तास मोजतो. आणि ज्यांनी तो राबवायचा ते अजून मस्टर मोजत बसले आहेत. प्राचार्यांना हा कायदा माहीत नसेल असे मानता येत नाही. प्रवेशाच्या जाहिरातींत त्याचा उल्लेख ठळक असतो.

दुसरे दुखणे जाण्याआधीचे आहे आणि ते अधिक खोल आहे. तिकडच्या सेवेने पहिल्याच पत्रात विचारले होते: या विद्यार्थिनीला तिच्या देशात, तिच्या वर्षात, देखरेखीखाली काय काय करण्याची परवानगी आहे? दक्षिण आफ्रिकेत रुग्णालयापूर्व सेवेतला प्रत्येक माणूस आरोग्य व्यवसाय परिषदेच्या नोंदवहीत एका ठरलेल्या पातळीवर असतो. चार वर्षांची पदवी घेतलेला इमर्जन्सी केअर प्रॅक्टिशनर रस्त्यावर आरएसआय करतो, औषधे निवडतो, व्हेंटिलेटर लावतो. खालच्या पातळीवरच्या सहकाऱ्याने कुठे थांबायचे हेही लिहून ठेवलेले असते. अशा व्यवस्थेत बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला कुठे उभे करायचे, हा त्यांचा साधा आणि रास्त प्रश्न.

महाविद्यालयाने उत्तरादाखल बोनाफाईड दिले. जावक क्रमांक, गोल शिक्का आणि 'सदर विद्यार्थिनीची वर्तणूक चांगली आहे' हे वाक्य. कॅन्युलेशन किती केले, सुप्राग्लॉटिक एअरवे रुग्णावर टाकला आहे की फक्त मॅनिकिनवर, ईसीजी वाचता येतो का, यातले अवाक्षर नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. पहिले तीन आठवडे ती गाडीत तिसरी व्यक्ती म्हणून मागे बसून राहिली. सीपीआरच्या कॉलला कॉम्प्रेशन्स दिली, बाकी पाहिले. पुढे प्रिसेप्टरने स्टेशनवर मॅनिकिन आणून स्वतः तिची परीक्षा घेतली आणि मग कॅन्युला हातात दिला. आठांपैकी तीन आठवडे एका न लिहिलेल्या पत्रापायी गेले.

हे पत्र लिहायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. विभागप्रमुखाने विद्यार्थ्याचे लॉगबुक समोर घेऊन अर्ध्या तासात लिहावे असे ते एक पान आहे. मग ते लिहिले का जात नाही? कारण लिहिले की जबाबदारी येते. महाराष्ट्रात 2014 साली 937 गाड्या घेऊन सुरू झालेल्या 108 सेवेत डॉक्टर गाडीतच असतो. त्यामुळे पॅरामेडिकने स्वतःच्या निर्णयावर नेमके काय करावे, हा प्रश्न इथे टाळता आला आणि आजवर टाळला गेला. परदेशातल्या यजमानाने विचारल्यावर तो पहिल्यांदा टेबलावर येतो आणि टेबलावर कागदच नसतो.

म्हणूनच जर्मनीचा विचार इथल्या विद्यार्थ्यांनी अधिक गांभीर्याने करावा असे या मासिकाचे मत आहे. तिथेही गंभीर कॉलला डॉक्टर जातो, पण वेगळ्या गाडीने. क्रू आणि नोटआर्त्स्ट, म्हणजे हा डॉक्टर, घटनास्थळी भेटतात. डॉक्टर पोहोचेपर्यंत नोटफॉलझानिटेअरने, म्हणजे तिथल्या पॅरामेडिकने, काय करायचे, हा तिथल्या शिक्षणाचा गाभा आहे, आणि महाराष्ट्रात उद्या लागणार आहे तो अनुभव हाच. 2014 पासून लागू असलेल्या जर्मन कायद्यानुसार तिथले प्रशिक्षण तीन वर्षांचे आणि 4600 तासांचे: वर्गात 1920, रेस्क्यू स्टेशनवर 1960, रुग्णालयात 720. एकेक तास कुठे घालवायचा हे आधीच ठरलेले. या आकड्यांच्या शेजारी इथला तारखेचा एक रकाना ठेवून पाहावा.

जर्मनीच्या बाबतीत एक इशारा द्यायलाच हवा, कारण दोन वाचकांचे पैसे आणि वेळ यात वाया गेले आहेत. भारत 2005 साली अपोस्टिल करारात आला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवला आणि त्यामुळे या दोन देशांमध्ये तो करार लागू झाला नाही. दक्षिण आफ्रिकेसाठी अपोस्टिल उपयोगी पडते. जर्मनीसाठी तो शिक्का मारून घेण्यात अर्थ नाही. तरी एजंट सरसकट सगळ्या कागदांवर अपोस्टिल करून देतात आणि वर शुल्क लावतात. कोणता कागद कोणत्या रूपात हवा, हे यजमान संस्थेकडून लेखी मागवावे. भाषेचेही तसेच. बी-2 पातळीच्या आसपासची जर्मन नसेल तर घाबरलेल्या रुग्णाचे बोलणे समजणार नाही, आणि ज्याला रुग्ण समजत नाही त्याला कोणताही जबाबदार क्रू पुढे करणार नाही. महाराष्ट्राने 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून जर्मनचे वर्ग गावोगाव निघाले आहेत. त्यांचा उपयोग करून घ्यावा.

एजंटांचा विषय निघालाच आहे तर विद्यार्थ्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. दोन आठवडे कंट्रोल रूममध्ये बसवून आणि स्टेशनची फेरी मारून आणणाऱ्या सहलीला इंटर्नशिप म्हणू नये. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून इलेक्टिव्हला जाणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यालाही रुग्णावर उपचार करता येत नाहीत. ती अट इमिग्रेशनच्या नियमांतच आहे. तिथे पॅरामेडिक ही कायद्याने संरक्षित पदवी आहे, नोंदणी नसताना ती नावापुढे लावणे हा गुन्हा आहे. तरीही परतल्यावर प्रोफाइलवर 'यूके ट्रेन्ड पॅरामेडिक' लिहिणारे आहेत. परक्या सेवेच्या जॅकेटमध्ये, मागे स्ट्रेचरवर रुग्ण दिसत असताना काढलेले फोटो टाकणारेही आहेत. अशा एका फोटोमुळे पुढच्या तुकडीची जागा गेल्याचे एका वाचकाने कळवले आहे. ज्यांची जागा गेली त्यांनी काहीच चूक केली नव्हती.

शरीराच्या तयारीबाबतही ढिलाई आहे. हिपॅटायटिस बी चे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, आणि तो किमान 10 यायला हवा. म्हणजे जाण्याच्या आठ महिने आधी पहिला डोस घेतलेला असला पाहिजे. व्हिसा हातात आल्यावर लस शोधणाऱ्याला यजमान सेवा गाडीवर चढू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या जगात सर्वांत मोठी आहे. सुई टोचली तर पीईपी 72 तासांच्या आत, खरे तर पहिल्या काही तासांतच, सुरू व्हावे लागते आणि 28 दिवस चालते. त्याचा खर्च कोण देणार, विमा त्याला लागू आहे का, पहाटे तीन वाजता फोन कोणाला करायचा, हे करारात लिहिलेले नसेल तर त्या करारावर सही करू नये. केप टाउनच्या काही वस्त्यांत क्रूवर हल्ले झाल्यामुळे तिथे पोलिसांच्या सोबतीशिवाय गाडी आत जात नाही. सोबत येईपर्यंत थांबायचे असते, रुग्ण कितीही गंभीर असला तरी. ते थांबणे सोसणे किती अवघड जाते, हे या विद्यार्थिनीने पत्रात एका पूर्ण पानावर लिहिले आहे.

आता महाविद्यालयांकडे मागणी. ती मोठी नाही आणि तिला निधी लागत नाही. परदेशी इंटर्नशिपची हजेरी तासांत धरावी. रात्रपाळीला सुरुवातीची तारीख ग्राह्य मानावी. प्रिसेप्टर आणि शिफ्ट लीडर यांची सही अधीक्षकाच्या सहीच्या तोलाची समजावी. जाण्याआधी विद्यार्थी, महाविद्यालय आणि यजमान सेवा या तिघांनी सही केलेला एक करार असावा आणि त्याला विद्यार्थ्याच्या कौशल्यांचे पान जोडलेले असावे. परतल्यावर तास मान्य करायचे की नाही याचा काथ्याकूट करण्यापेक्षा किती तास मान्य होतील हे आधी ठरवून मुलांना विमानात बसवावे. परीक्षा मंडळाकडून मार्गदर्शन मागवले आहे, पत्र टपालात आहे, साहेब दौऱ्यावर आहेत, ही उत्तरे आता पुरे झाली. इंटर्नशिप पूर्ततेचा दाखला अडला की नोंदणी अडते, नोंदणी अडली की नोकरी. ही विद्यार्थिनी आज घरी बसून आहे आणि तिच्या जिल्ह्यात गाड्यांवर माणसे कमी आहेत.

सगळा दोष कार्यालयांवर टाकून मोकळे होता येणार नाही. या मासिकाचे वाचक स्वतः शिकवतात, गाडीवर प्रिसेप्टर असतात, काही जण अभ्यास मंडळांवर बसतात. कौशल्यांच्या पानाचा नमुना द्यावा, अशी विनंती गेल्या वर्षी ज्येष्ठ सदस्यांना केली होती. तीन उत्तरे आली. त्यांतले एक कोरे पान होते, वर फक्त लेटरहेड. ज्यांना स्वतःला पंधरा वर्षांपूर्वी कोणी शिकवले नाही, जे चुकांतून आणि रुग्णांच्या किमतीवर शिकले, त्यांनी तरी असे वागू नये. बसा, तुमच्या हाताखालच्या मुलाचे लॉगबुक उघडा, तो काय करू शकतो आणि काय अजून करू शकत नाही हे तारखेसह लिहा आणि खाली सही करा. परदेशी जाणारा असो की गडचिरोलीच्या गाडीवर जाणारा, त्याला ते पान लागणारच आहे.

परदेशात इंटर्नशिप करून आलेल्या प्रत्येक वाचकाने या महिनाअखेरीपर्यंत एक पोस्टकार्ड किंवा ईमेल पाठवावा. देश, तिकडे भरलेले एकूण तास, महाविद्यालयाने मान्य केलेले तास आणि पूर्ततेचा दाखला मिळायला लागलेले दिवस, एवढे चारच तपशील हवेत. महाविद्यालयाचे नाव लिहिण्याची गरज नाही. पुढच्या अंकात ते छापले जातील आणि त्याची एक प्रत राज्यातल्या प्रत्येक संबंधित प्राचार्यांना टपालाने जाईल.