बॅगेतले दप्तर

हावड्याहून गावी जायचे ठरले की आमच्या खिदिरपूरच्या घरात आदल्या रात्री एक ठरलेला प्रसंग घडतो. कपड्यांच्या दोन बॅगा भरून दाराशी उभ्या असतात, डब्याची पिशवी तयार असते, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या असतात, आणि मग कोणीतरी विचारते, ‘मुलांच्या पुस्तकांचे काय?’ त्या एका प्रश्नासरशी माळ्यावरची तिसरी बॅग खाली येते. गणिताची दोन पुस्तके, विज्ञानाची वही, बंगालीची वही, इंग्रजी व्याकरण, रंगपेटी, सुट्टीतल्या प्रकल्पासाठी गुंडाळलेला तक्त्याचा कागद. हा कागद दुमडता येत नाही, बॅगेत मावत नाही आणि कोणाच्या हातीही नीट राहत नाही. चौघांच्या आठ दिवसांच्या कपड्यांना लागली नसेल एवढी जागा ही बॅग व्यापते आणि उचलताना सर्वांत जड तीच लागते.

प्रवासात सामान मोजके असावे, हे आता कोणाला सांगावे लागत नाही. कपडे गुंडाळून भरावेत, प्रत्येकाने आपली पिशवी आपण उचलावी, गावी मिळणारी वस्तू गावीच घ्यावी, या युक्त्या घरोघरी ठाऊक आहेत. पैशांचे ओझे तर बँकांनीच कमी केले आहे. पूर्वी कमरेला बांधलेली नोटांची पुरचुंडी आणि प्रवासी धनादेश सांभाळत जावे लागे, आता भ्रमणध्वनीवर भागते. मुलांचे मूळ दाखले आणि गुणपत्रिका यांची जागा घरी किंवा लॉकरमध्ये; त्या प्रवासात न्यायच्याच नसतात. मात्र इतके सारे कमी करूनही दप्तराला हात लावण्याचे धैर्य आपल्याला होत नाही. माझे मत असे, की ही बॅग शाळा भरत नाही. ती पालकांची भीती भरते.

ही भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांना तर ती अधिकच समजेल. बँकेच्या अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच्या मुलांचे वर्षही बदलते. पश्चिम बंगालच्या राज्य मंडळाच्या शाळांचे वर्ष जानेवारीत सुरू होते, केंद्रीय मंडळाच्या शाळांचे एप्रिलमध्ये, महाराष्ट्रातील राज्य मंडळाच्या शाळांचे जूनमध्ये, आणि आमच्या विदर्भात उन्हामुळे तेही जूनच्या अखेरीस. इकडे पूजेची सुट्टी लागते तेव्हा तिकडे सहामाही परीक्षा चालू असू शकते. तिकडे दिवाळीला भावंडे जमतात तेव्हा इकडच्या कित्येक शाळा उघडलेल्या असतात. त्यात एलएफसीचा टप्पा संपत आलेला, रजा मार्चअखेरीनंतरच मिळणार आणि आरक्षण साठ दिवस आधी काढायचे. या सर्वांची मोट बांधून जो प्रवास घडतो, त्यात मुलाचे एक-दोन दिवस बुडतातच. ते बुडाल्याची रुखरुख आपण पुस्तके बरोबर नेऊन भागवू पाहतो. (बदलीचे आदेश काढणाऱ्यांनी आपल्या मेजावर एखाद्या शाळेचे वार्षिक वेळापत्रक ठेवावे, अशी एक नम्र सूचना येथेच करून ठेवतो.)

एकदा मी सहज घरच्या वजनकाट्यावर दप्तरे ठेवून पाहिली. सातवीतल्या मुलीचे सात किलो भरले, चौथीतल्या मुलाचे पाच. केंद्र शासनाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून अधिक नसावे. सातवीसाठी दोन ते तीन किलो आणि चौथीसाठी पावणेदोन ते अडीच किलो एवढीच मर्यादा त्यात सुचवली आहे. हा विषय जुनाच आहे. आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेत मुलांच्या पाठीवरील ओझ्याविषयी भाषण केले, १९९३ मध्ये प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने आपला अहवाल दिला, आणि तरीही माझ्या घरचा काटा सातवर थांबला. शाळेच्या वाटेवर या ओझ्याबद्दल आपण शाळेला बोल लावतो. सुट्टीच्या प्रवासात तेच ओझे आपण स्वतःच्या हाताने चढवतो, तेव्हा बोल कोणाला लावायचा?

आम्ही दुपारी सुटणाऱ्या गीतांजली एक्सप्रेसने जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेरा येते आणि तेथून अमरावती हाकेच्या अंतरावर. ही गाडी १९७७ च्या डिसेंबरात सुरू झाली, ती रेल्वेमंत्री मधू दंडवते यांच्या कारकिर्दीत. वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली, तीही त्यांच्याच काळात. रेल्वेच्या नियमानुसार शयनयानात माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते, पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी त्याच्या निम्मे. आमच्या तिन्ही बॅगा मिळून या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत. तेव्हा प्रश्न किलोंचा नाही. ती तिसरी बॅग बर्थखाली गेली की मुलांची सुट्टी तिच्या नजरेखाली येते, हा आहे. खिडकीतून रूरकेला पाहणाऱ्या मुलाला ‘एवढे एक उदाहरण सोडव’ असे सांगितले, की रूरकेलाही जाते आणि उदाहरणही चुकते.

ज्यांच्या ग्रंथावरून या गाडीला नाव मिळाले, त्या रवींद्रनाथांच्या ‘जीवनस्मृती’त अशा एका प्रवासाची हकीकत आहे. १८७३ सालच्या आरंभी, वयाच्या बाराव्या वर्षी, त्यांची मुंज झाली. भादरलेले डोके घेऊन शाळेत जायचे कसे, मुले चेष्टा करतील, या काळजीत ते असताना वडिलांनी विचारले, ‘हिमालयात येतोस का?’ आपल्या मुलांच्या काळज्याही बहुधा याच जातीच्या असतात. अभ्यासक्रमापेक्षा वर्गातली मुले काय म्हणतील हीच मोठी. महर्षी देवेंद्रनाथ त्यांना घेऊन प्रथम बोलपूरला, मग अमृतसरला आणि तेथून डलहौसीच्या डोंगरात गेले. प्रवास काही महिन्यांचा. मुलासाठी पुस्तके नेली होती, पण निवडून: इंग्रजीचे एक वाचन, संस्कृतची प्राथमिक पुस्तके. पहाटेच्या थंडीत संस्कृतची रूपे पाठ करून घेतली जात आणि रात्री वडील आकाशातले तारे दाखवून ज्योतिःशास्त्र सांगत. याशिवाय आपले सोन्याचे घड्याळ त्यांनी मुलाच्या हाती दिले आणि त्याला रोज किल्ली देण्याचे काम सोपवले. मुलाने इतक्या तत्परतेने किल्ली दिली की घड्याळ शेवटी दुरुस्तीसाठी कलकत्त्याला पाठवावे लागले! खर्चाची किरकोळ रक्कमही त्याच्याकडे असे आणि तिचा हिशेब त्याला द्यावा लागे. बँकेच्या पत्रिकेत लिहिताना हा तपशील वगळणे मला शक्य नाही.

मौज अशी, की मुलाचे ओझे हलके ठेवणाऱ्या या पित्याने स्वतःच्या वाचनासाठी मात्र गिबनच्या रोमच्या इतिहासाचे दहा-बारा जाडजूड खंड बरोबर घेतले होते. मी मुलाकडून सक्तीने वाचतो, मग हे मोठे लोक आपण होऊन कशाला त्रास करून घेतात, असा प्रश्न त्या मुलाला पडला होता. माझ्या मताच्या विरुद्ध जाणारी एक गोष्टही सांगायला हवी. परत आल्यावर रवींद्रनाथांना शाळा पूर्वीपेक्षाही नकोशी झाली. तेव्हा प्रवासाने मुलाला शाळेची गोडी लागते, असा दावा मी करीत नाही. शाळेची गोडी लावणे हे प्रवासाचे कामच नव्हे.

त्याच १८७३ च्या फेब्रुवारीत, २६ तारखेला, ‘लाला रुख’ नावाचे जहाज याच शहरातून सूरीनामकडे निघाले आणि ५ जूनला तेथे पोहोचले. त्यात करारबद्ध मजूर होते. खिदिरपूर-गार्डनरीचच्या या नदीकाठावरून अशी जहाजे वर्षानुवर्षे सुटत राहिली. सूरीनाम घाटावर २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्या हस्ते ‘माई-बाप’ स्मारकाचे अनावरण झाले. एक पुरुष, एक स्त्री आणि सारा संसार मावलेले एक गाठोडे. मुलांना घेऊन मी तेथे गेलो होतो. मुलाने विचारले, ‘बाबा, एवढेच सामान?’ ते गाठोडे हौसेने लहान नव्हते, दारिद्र्याने लहान होते. त्याला मोजक्या सामानाचा आदर्श म्हणणे हा त्या माणसांचा अपमान ठरेल, आणि मुलालाही मी तसेच सांगितले. मात्र एक गोष्ट मनातून गेली नाही. आपल्या कोकणातूनही असेच लोक मुंबई बंदरातून मॉरिशसला गेले. त्यांच्या गाठोड्यांतही पुस्तके फार नसावीत. आज मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. जे टिकले ते तोंडी गेलेले होते.

माझी मुले शाळेत हिंदी, इंग्रजी आणि बंगाली शिकतात. मराठी त्यांच्या कोणत्याही पुस्तकात नाही. ती अमरावतीच्या घराच्या गच्चीवर आहे.

तेथील एक गोष्ट मला सांगायची आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आईने कुरड्यांचा घाट घातला होता. ज्यांनी घरी कुरड्या केल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, की गहू तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलावे लागते, मग ते वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे शिजवून ऊन चढण्याच्या आत सोऱ्याने घालायच्या. आमच्या तिकिटाची तारीख पाहून आईने गहू भिजत घातले होते. नातवंडांनी सोऱ्या दाबावा आणि गरम चीक वाटीत घेऊन खावा, एवढाच तिचा हेतू. ऐन वेळी मुलीच्या प्रकल्पाचे काही पूर्ण झाले नव्हते. ते इथेच उरकून जाऊ, असा निर्णय मी घेतला आणि तिकिटे पाच दिवसांनी पुढे ढकलली. गहू थांबत नाहीत. आईने एकटीने कुरड्या घातल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या डब्यात भरलेल्या होत्या. आई काहीच बोलली नाही. प्रकल्पाला मुलीला चांगला शेरा मिळाला. तो प्रकल्प कशावर होता, हे मला आता आठवत नाही आणि परवा विचारले तर तिलाही आठवेना. पुढच्या वर्षी आईच्या गुडघ्यांनी जिना चढायचे नाकारले आणि कुरड्या झाल्याच नाहीत.

पत्नीचा आक्षेप मी टाळू इच्छित नाही. तिचे म्हणणे, गणिताचा सराव तुटला की मुलगा आठवडाभर अडखळतो, आणि तो सावरण्याचे काम मला करावे लागत नाही, तिला करावे लागते. हे खरे आहे. दहावी-बारावीच्या मुलाला ऐन जानेवारीत लग्नाला नेऊ नये, हेही खरे आहे; मंडळाच्या परीक्षेला उपस्थितीची अट असते आणि तेथे हौसेला वाव नाही. मी बोलतो आहे ते चौथी-सातवीच्या मुलांविषयी. शेवटी एक उपाय निघाला, तोही पत्नीनेच काढला. निघण्यापूर्वी ती वर्गशिक्षिकांना भेटली आणि तिने विचारले, ‘आठ दिवसांत खरोखर न चुकता करायचे असे काय आहे?’ बाईंनी क्षणभर विचार केला आणि गणिताचे एक पान सांगितले. एक पान! आम्ही मात्र इतकी वर्षे त्यांना न विचारताच सारी बॅग वाहिली होती.

त्या पानाची छायाप्रत दोघांच्या वहीत घडी करून जाते. वही एकच, शंभर पानांची, दोघांत मिळून. पुढून मुलीची, मागून मुलाची. गेल्या दिवाळीत तिच्यात एका बाजूला त्रैराशिके होती आणि दुसऱ्या बाजूला स्थानकांची नावे, चहाचे भाव आणि मुलाने लिहिलेला प्रवासखर्चाचा हिशेब, ज्यात अकरा रुपयांची तूट होती. ती अद्याप सापडलेली नाही. तक्त्याचा कागद अमरावतीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, हा शोधही आम्हांला तेव्हाच लागला.

येत्या मे महिन्याची तिकिटे झाली आहेत. यंदा माळ्यावरची बॅग खाली आली नाही तर हावड्याला हमालाची गरज पडणार नाही. प्रत्येकाची पाठपिशवी आणि मधली एक बॅग, एवढ्यावर विद्यासागर सेतू ओलांडता येईल. काल रात्री आईचा दूरध्वनी आला होता. मुलगी आता सोऱ्या दाबण्याएवढी मोठी झाली आहे, आपण खाली अंगणात खुर्चीवर बसून सांगू, असे तिने सुचवले, आणि विचारले, ‘गहू कधी भिजत घालू?’ मी तिला तारीख सांगितली.